मागून नेलेली खुर्ची

९ जानेवारी

आज आमच्या जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची राजकारणात गेली. तीही माझी.

नीट लिहिते, नाहीतर उद्या मलाच कळायचं नाही. नोकरीत असताना ड्युटी संपली की वॉर्डचा अहवाल लिहायची सवय होती. मेट्रन म्हणून निवृत्त झाले तरी ती सुटली नाही. आता वॉर्ड म्हणजे लेकीचं घर आणि रुग्ण दोन, लेक आणि जावई. दोघांनाही राजकारणाची बाधा आहे आणि दोघांनाही ते मान्य नाही.

जावईबापू प्रांताच्या विधानसभेत आहेत, पार डोंगरपट्ट्यातल्या मतदारसंघातून. इतकी वर्षं निवडून येतात, पण मंत्रिपद कधी मिळालं नाही. पक्षात ते उपनेते. उपनेता म्हणजे नेत्याची छत्री धरणारा, असं मी एकदा जेवताना बोलून गेले होते. ते लेक अजून विसरलेली नाही. परवाच्या निवडणुकीत पक्ष सपाटून आपटला. अध्यक्षांनी काखा वर केल्या, राजीनामा दिला आणि प्रकृतीच्या कारणाने समुद्रकिनारी गेले. मागे दोन गट एकमेकांच्या उरावर बसले. मग ज्याला कोणाचाच विरोध नाही असा माणूस शोधायला निघाले, तर आमचे जावईबापू सापडले. एप्रिलअखेर अधिवेशनात नवा अध्यक्ष निवडतील, तोवर हे हंगामी.

आता खुर्चीचं. यांच्या पक्षात एक जुनी रीत आहे. हंगामी अध्यक्षाने अध्यक्षांच्या मोठ्या खुर्चीत बसायचं नाही. ती भिंतीशी सरकवून तिच्यावर कापड टाकतात. हंगामी माणूस आपल्या घरून खुर्ची आणतो, आणि काम संपलं की घेऊन जातो. अध्यक्षपदाच्या निवडणुकीला तो उभा राहत नाही. हे ऐकून मला हसूच आलं. एवढे शिकलेसवरलेले लोक, आणि खेळ मांडलाय भातुकलीचा.

आमच्या टेबलाशी तीन खुर्च्या. दोन यांच्या, गुबगुबीत. तिसरी माझी, लाकडी, माझं घर सोडून लेकीकडे राहायला आले तेव्हा सोबत आणलेली. तिचा एक पाय आखूड आहे. जावईबापू दर रविवारी कागदाची नवी घडी करून त्या पायाखाली सारतात. मी म्हटलं, तुमची न्या की चांगली, मऊ आहे. तर म्हणाले, "तुमचीच हवी, आई. परत आणून देईन, शब्द देतो."

नाही म्हणायला कारण नव्हतं. पण मनात आलंच, म्हातारीला हलवता येत नाही, निदान खुर्ची तरी हलवू या.

१२ जानेवारी

मी त्यांच्या खुर्चीत बसते. बसलं की झोप येते. अशा खुर्चीत बसून माणूस देशाचं काय भलं करणार.

ते ओट्याला टेकून उभ्यानेच खातात आणि जाताना आपली ताटली विसळून ठेवतात. लेक म्हणाली, स्टूल घ्या. म्हणाले, नको, उभं राहिलं की आठवण राहते. कसली, ते मी विचारलं, तर नुसते हसले. हा माणूस हसला की पुढे बोलणं खुंटतं.

२ फेब्रुवारी

आज त्यांच्यासोबत गाडीने गेले होते. निमित्त माझ्या जुन्या मैत्रिणीला भेटायचं, तिचं गाव वाटेवर. पण वाटेत जावईबापूंना एका पडलेल्या उमेदवाराकडे थांबायचं होतं. सध्या ते हेच करतात. निवडणुकीत जे पडले त्यांच्या घरी एकेक करून जातात. जिंकलेल्यांना भेटायला लोक जातात हे मी पाहिलंय, पडलेल्यांच्या दारात जाणारा हा पहिलाच.

तो उमेदवार गाड्या दुरुस्त करणारा. गॅरेजमध्येच बसवलं आम्हाला, मला एका टायरवर. मग त्याने तोंड सोडलं ते काही विचारू नका. प्रचाराला पक्षाचं कुत्रंही फिरकलं नाही, अध्यक्षांनी फोन उचलला नाही, बायकोचे दागिने गेले, आणि आता तुम्ही कशाला आलात. माझ्या वॉर्डात कोणी असं बोललं असतं तर मी दार दाखवलं असतं. जावईबापू ऐकत राहिले. मध्येच त्याने पाना मागितला तर हातात नेऊन दिला. तो बोलून बोलून थकला, गप्प झाला, तेव्हा हे म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." एवढंच. पुढे आश्वासन नाही, पाठीवर थाप नाही.

तो माणूस रडायलाच लागला. मग आत जाऊन चहा घेऊन आला.

मैत्रिणीला भेटून परतताना मी तिच्याऐवजी त्या गॅरेजचाच विचार करत होते.

२० फेब्रुवारी

आजचा अहवाल मोठा होणार.

लेकीने मला आज विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीत नेलं. सरकारने डोंगरपट्ट्यातली छोटी रुग्णालयं बंद करायचा ठराव आणला होता. विषय माझ्या जिव्हाळ्याचा. मी म्हटलं, आज हे सरकारची पिसं काढणार. खाली आमच्या बाजूचे लोक बाह्या सरसावून बसले होते. पक्षाचे खजिनदार तर बाकं बडवायला हात चोळतच होते. हे खजिनदार घरी येतात तेव्हा मला 'माताजी' म्हणतात, लेकीला 'साक्षात अन्नपूर्णा' म्हणतात. मी त्यांचं नाव मधाचं बोट ठेवलंय.

जावईबापू उठले. हातात कागद नव्हता. आवाज तर असा, जणू शेजारच्या खोलीत मूल झोपलंय. म्हणाले, "या पट्ट्यात पहिलं कुलूप आमच्या सरकारने लावलं. तेव्हा मी याच सभागृहात होतो आणि मीही हात वर केला होता. त्या वर्षी माझ्या गावातली एक बाई वाटेत बाळंत झाली आणि वाटेतच गेली. आम्ही चुकलो. तुम्ही आमचं पाहून चुकू नका, एवढंच सांगायला उभा आहे."

आणि खाली बसले.

मधाच्या बोटाचे हात बाकावर तसेच राहिले. समोरचे मुख्यमंत्री, तोंडाळ म्हणून ओळखले जाणारे, उठले, पाणी प्यायले आणि परत बसले. दुपारी ठराव मागे घेतला.

मी जन्मात पुष्कळ डॉक्टर पाहिले. चुकलो म्हणणारे बोटावर मोजण्याइतके. राजकारणी तर एकही नाही. या माणसाला मी छत्री धरणारा म्हटलं होतं.

लेकीला म्हटलं, यांना भीती कशी वाटली नाही. ती म्हणाली, त्यांना काही मिळवायचं नाहीये ना सध्या, म्हणून. मला ते पटलं नाही. मोठेपण असतं एकेकात, दुसरं काय.

२७ फेब्रुवारी

औषधाच्या दुकानात रांग होती. दुकानदाराने मला बघून पुढे बोलावलं, म्हणाला, तुम्ही त्यांच्या सासूबाई ना. मी गेले पुढे. जायला नको होतं, पण गेले. अंगावर मूठभर मांस चढलं.

११ मार्च

घरात माणसांची रीघ लागलीय. सगळ्यांचं एकच तुणतुणं, जावईबापूंनीच पुढेही राहावं. मधाचं बोट तर रोज गळ घालतंय. म्हणे रीत माणसांसाठी असते, माणसं रीतीसाठी नसतात, कार्यकारिणीने हात वर केले की रीत बदलली. जावईबापू ऐकतात आणि म्हणतात, खुर्ची परत करायचीय हो मला. मग सगळे हसतात.

अध्यक्षपदासाठी खरं नाव एका डॉक्टरीणबाईंचं आहे. आमदार आहेत, पन्नाशीच्या आत, स्पष्ट बोलतात. जानेवारीत दोन्ही गटांना शांत करायला जावईबापूंनी सर्वांसमोर सांगितलं होतं की मी उभा राहणार नाही, म्हणून त्या आणि त्यांचे लोक थांबले. असतील हुशार. पण त्या दिवशी सभागृहात जे घडलं ते कोणाला जमणार आहे का.

१६ मार्च

आज मी एक चांगलं काम केलं.

सकाळी ते ओट्याशी उभे राहून चहा पीत होते. मी म्हटलं, जावईबापू, सारखं खुर्ची परत करायचीय म्हणता, लोकांना वाटेल सासू खडूस आहे. ती खुर्ची मी तुम्हाला दिली. भेट म्हणून. आता परत मागणार नाही.

त्यांचा कप हवेतच राहिला. म्हणाले, "असं म्हणू नका, आई."

मला वाटलं, संकोच. मी आणखी जोर दिला. माझं वय झालं, मला काय करायचीय, आणि माझी खुर्ची अध्यक्षांच्या खोलीत राहिली तर मला अभिमानच आहे. त्यांनी कप सिंकमध्ये ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे आता माझी झाली?"

"तुमचीच," मी म्हटलं.

लेक माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी दूध उतू घालवलंय. ते गेल्यावर विचारलं, काय झालं गं. म्हणाली, काही नाही, तुला नाही कळायचं. माझ्या पोटची पोर मला हे सांगते.

३० मार्च

मधाच्या बोटाने खुर्चीचा पाय दुरुस्त करून घेतला म्हणे. पॉलिश केलं, वर लाल गादीही शिवून बसवली. छानच झालं. आता डुगडुगत नाही.

४ एप्रिल

जावईबापूंना आता कसलाच वेळ मिळत नाही. रात्री जेवले आणि ताटली टेबलावर तशीच ठेवून फोनवर बोलत आत गेले. मी उचलली. एवढा मोठा माणूस, त्याने काय ताटल्या विसळत बसायचं. मला कौतुकच वाटलं.

टेबलाशी माझ्या जागेवर बसले होते, म्हणजे मूळच्या त्यांच्याच. मी स्टूल घेतलं.

१३ एप्रिल

गाड्या दुरुस्त करणाऱ्याचा फोन आला होता. पूर्वी जावईबापू स्वतः धावत जाऊन फोन घ्यायचे. आज खोलीतून हाताने खूण केली, नाही म्हणून सांगा. मी सांगितलं, घरी नाहीत. तो म्हणाला, बरं, आठवण काढली होती म्हणून सांगा.

मोठ्या माणसांना हे करावंच लागतं. आमचे सर्जनही असेच होते. तरी फोन ठेवल्यावर त्याच्या घरचा चहा आठवत राहिला.

१८ एप्रिल

ठरलं. येत्या चोवीस तारखेला कार्यकारिणी रीत रद्द करणार आणि जावईबापू उभे राहणार. मधाचं बोट पेढे वाटल्यासारखी बातमी वाटत फिरतंय. जावईबापू म्हणाले, पक्षाचीच इच्छा असेल तर मी कोण नाही म्हणणारा. वाक्य छान होतं, पण यांच्या तोंडी नवंच. लेक न जेवता उठली.

मी अध्यक्षांची सासू होणार. पलंगावर बसून मी हे दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

२३ एप्रिल

आज दुपारी घरी मी एकटी. बेल वाजली, दारात डॉक्टरीणबाई. मी म्हटलं, जावईबापू नाहीत, आणि आज खरंच नव्हते. म्हणाल्या, ठाऊक आहे काकू, पाणी द्याल का.

मला वाटलं, आता ही रडगाणं गाणार. तर तसं काही नाही. माझे गुडघे विचारले, औषध कोणतं घेता विचारलं. बसायला त्यांनी आपणहून स्टूल ओढलं. मग टेबलाकडे बघून म्हणाल्या, इथलीच ना ती खुर्ची. मी म्हटलं, हो, पण आता ती मी त्यांना देऊन टाकलीय.

त्यांनी हातातला पेला खाली ठेवला. "केव्हा?"

मार्चमध्ये, मी म्हटलं. मग त्यांनी जानेवारीतली गोष्ट सांगितली, जी या घरात मला कोणीच सांगितली नव्हती. खुर्ची आली त्या दिवशी कार्यकारिणीत कोणीतरी थट्टा केली की हे असलं मोडकं लाकूड कुठून उचललंत. जावईबापू म्हणाले, "सासूबाईंची आहे. स्वतःची आणली असती तर कदाचित इथेच ठेवली असती. मला माझा तेवढा भरवसा नाही. दुसऱ्याची वस्तू असली की परत करावी लागते." सगळे हसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी नाही हसले. त्या वाक्यावर मी चार महिने थांबले, काकू."

मी विचारलं, उद्या रीत मोडली तर काय कराल. म्हणाल्या, मी कुठे जाणार नाही, पण माझ्यामागचे लोक थांबायचे नाहीत, पक्षाचे दोन तुकडे होतील. त्याचं वाईट वाटेलच. पण जास्त वाईट त्यांचं वाटतं, कारण त्या दिवशी सभागृहात बोलले तसं बोलणारा माणूस पुन्हा मिळायचा नाही. जाताना स्टूल जागेवर ठेवून गेल्या.

मी तशीच बसून राहिले. संध्याकाळी लेकीने दिवा लावला तेव्हा कळलं की अंधार झालाय.

केवढा माणूस, आणि मी काय समजत होते. मी समजत होते की याला मोह नाही. याला मोह आहे, आपल्या सगळ्यांइतकाच आहे, आणि हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून त्याने माझी खुर्ची मागून नेली. दारूचा नाद असलेला रुग्ण शुद्धीत असताना कपाटाची किल्ली सिस्टरच्या हातात देतो, तसं त्याने केलं होतं. आणि सिस्टरने मोठ्या प्रेमाने किल्ली परत दिली.

लेकीला म्हटलं, तू मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "मी सांगून तुला मागायला लावलं असतं, तर ते मागणं माझं झालं असतं, आई. त्यांनी ते लगेच ओळखलं असतं." मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. केवढ्या दिवसांनी.

एक मात्र इथे लिहून ठेवते, कारण अहवालात खोटं लिहायची मला सवय नाही. माझ्या मनात आलं की गप्प बसावं. उद्या एकदा हात वर झाले की मी अध्यक्षांची सासू. औषधाच्या दुकानातली रांग आठवली. हे आलं मनात, आणि बराच वेळ गेलं नाही.

२४ एप्रिल

गेले मी. टॅक्सी केली आणि पक्षाच्या कचेरीत गेले. जिना चढताना गुडघ्यांनी जीव काढला. वर दालनात कार्यकारिणी जमलेली, दार उघडंच. लांब टेबल, टोकाला जावईबापू. त्यांच्यामागे भिंतीशी कापडाखालची मोठी खुर्ची. कापड धुऊन इस्त्री केलेलं होतं, काढायचंच बाकी.

माझी खुर्ची मी ओळखलीच नाही आधी. लाल गादी, चकचकीत पॉलिश.

मधाचं बोट दोन्ही हात पसरून पुढे आलं, माताजी, आशीर्वाद द्यायला आलात. मी म्हटलं, नाही हो, माझी खुर्ची न्यायला आलेय.

कोणी हसलं नाही. जावईबापू उठलेसुद्धा नाहीत. माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "आई, ती तुम्ही मला दिली होती."

सगळ्यांदेखत म्हणाले. खरंच तर होतं. डॉक्टरीणबाई टेबलाच्या मधल्या खुर्चीवर मान खाली घालून बसल्या होत्या.

"वापरायला दिली होती," मी म्हटलं. "मला जेवायला बसायला खुर्ची नाही. तुमच्या गुबगुबीत खुर्चीत मला झोप येते."

त्यांच्या चेहऱ्यावर राग आला. मी पाहिला तो. यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी पाहिला नव्हता. जबडा आवळला, हात खुर्चीच्या दोन्ही कडांवर घट्ट. मी मागे हटले नाही. वॉर्डात मी याहून रागावलेली माणसं बघितलीत, आणि तीही दुखत असतं म्हणूनच रागावतात.

मग तो राग हळूहळू उतरला. ताप उतरताना कपाळावर घाम येतो तसा त्यांना घाम आला. रुमालाने तोंड पुसलं. म्हणाले, "फार उशीर केलात, आई."

"गुडघे दुखतात," मी म्हटलं.

ते उठले. टेबलाभोवतीच्या माणसांना म्हणाले, खुर्ची माझी नाही, तेव्हा उद्यापासून मला इथे बसायला जागा नाही. अधिवेशनापर्यंत उभ्याने काम करीन. रीत आहे तशीच राहू दे. मधाचं बोट काहीतरी बोलायला गेलं, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते बसलं. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली नाही, पण त्यांच्यासमोरच्या कागदावर पाण्याचे थेंब पडलेले मला दिसले.

खुर्ची त्यांनी स्वतः उचलली. शिपाई धावला, त्याला नको म्हणाले. एका हातात खुर्ची, दुसऱ्या हाताने मला धरलेलं, असे आम्ही जिना उतरलो. एकेका पायरीवर थांबत. तेही दमले होते आणि मीही. खाली वार्ताहर उभे होते, त्यांनी विचारलं हे काय. म्हणाले, सासूबाईंची खुर्ची आहे, पोचवायला चाललोय.

मी आयुष्यात राजे-महाराजे पाहिले नाहीत. पाहायची आता गरजही उरली नाही.

२९ एप्रिल

अधिवेशन झालं. डॉक्टरीणबाई एकमताने अध्यक्ष. जावईबापू पुन्हा उपनेते. गॅरेजवाल्याला त्यांनी कालच फोन केला, तासभर बोलत होते, म्हणजे ऐकत होते.

३० एप्रिल, रविवार

सकाळी जावईबापूंनी खुर्चीची लाल गादी काढून टाकली. खाली तेच जुनं लाकूड. पण पाय दुरुस्त केलेला, डुगडुगत नाही. कागदाची घडी करून हातात घेऊन वाकले होते, तसेच वाकलेले राहिले. म्हणाले, आता याचं काय करू.

मी म्हटलं, ठेवा खिशात, उपयोगी पडेल. आणि खुर्चीत बसले.

दुपारी तिघांनी टेबलाशी बसून जेवण केलं. जेवण झाल्यावर त्यांनी आपली ताटली विसळली, मग लेकीची, मग माझी.